नावाच्या मधली फुली

जुन्या कोर्टाच्या जिन्यावर मला दोघातिघांनी अडवलं. "रांग मागून आहे, मॅम." आवाज नम्र, नजर मात्र करडी. निवडणुकीचा दिवस अजून लांब होता, पण आगाऊ मतदान सुरू झालं होतं आणि वरच्या मजल्यावरून निघालेली रांग जिना उतरून थेट तळघराच्या बोळात शिरली होती. "मी मत द्यायला आलेली नाही," मी प्रत्येकाला सांगत होते, "मला फक्त खाली जायचंय." एका बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. दोन हजार आठच्या त्या ऑक्टोबरमध्ये, एक काळा माणूस राष्ट्राध्यक्षपदाला उभा असताना, मत द्यायचं नाही तर ही इथे आली कशाला, असा तो प्रश्न होता, आणि तो काही चुकीचा नव्हता.

आम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून दिवाळीसाठी जॉर्जियात, अल्फारेटाला, माझ्या मैत्रिणीकडे, सुजाताकडे आलो होतो. या तळघरात काम करणाऱ्या बार्बराची ईमेल निघायच्या आदल्या दिवशी आली. एकच ओळ: तुझी वही परत आली आहे. सुजातानं गाडीची किल्ली दिली, पण तोंड वाकडं करून. "अगं, फराळ सोडून त्या बेसमेंटमध्ये काय जातेस? सो क्रीपी यार. लंचपर्यंत ये, मी टेबल बुक केलंय." मी हो म्हणाले. जिना उतरले, खोलीचं दार ढकललं, आणि पहिला भेटला तो वास. ओल, जुनं चामडं, डिंक, आणि बार्बराच्या पुदिन्याच्या गोळ्या. कठड्यांना नवा रंग लागला होता, छताला नवे दिवे लागले होते. वास तोच होता.

या वासात माझी तीन वर्षं गेली.

दोन हजार दोनच्या शरदात मी लग्न होऊन जॉर्जियात आले. आपल्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं, वडिलांच्या जागी नवरा येऊन बसतो. माझ्या पासपोर्टवर तो नुकताच येऊन बसला होता. माझं मधलं नाव नोकरी करत होतं आणि मी त्याच्या व्हिसावर या देशात होते. मला काम करायची परवानगी नव्हती. गाडी येत नव्हती. अपार्टमेंटच्या बाल्कनीतून पाइनची झाडं दिसायची, त्यांच्या वाळक्या सुया दिवसभर खाली पडत राहायच्या, आणि मी त्या पडताना बघत राहायचे. वर्ध्याला बाबांना फोन लावला की ते विचारायचे, "काय करून राहिली तू तिथं दिवसभर?" कॉलिंग कार्डवरची बाई उरलेली मिनिटं सांगायची, आणि मी घाईनं त्यांच्याच तब्येतीचं विचारायचे.

शेवटी गाडी शिकले आणि फुकट तरी काम करावं म्हणून शेजारच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, या तळघरात आले. जुनी कागदपत्रं राखायचं काम बार्बराकडे होतं. ती निवृत्त शिक्षिका, माझ्या आईच्या वयाची. तिला नावानं हाक मारताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. तिनं माझ्यापुढे निवडणुकीच्या जुन्या वह्या ठेवल्या आणि म्हणाली, "यातली नावं कॉम्प्युटरवर चढव. घाई नाही. ही माणसं कुठे जात नाहीत."

मला ते काम आवडलं, याचं कारण बाबा. ते शाळामास्तर, त्यामुळे दर निवडणुकीला त्यांना इलेक्शन ड्युटी लागायची. कुठल्या तरी आडगावच्या शाळेत दोन दिवस राहून ते परत यायचे, तेव्हा त्यांच्या पिशवीला लाखेचा आणि शाईचा वास यायचा. बोटाला लावायची शाई त्यांच्या स्वतःच्या नखांत आठवडाभर राहायची. रात्री अंगणात खाटेवर पडून ते ड्युटीच्या गोष्टी सांगत. गोष्टीला हुंकार द्यावा लागे. मी हुं म्हणायचं थांबले की बाबा थांबत. "झोपली का?" मग मी घाईघाईनं हुं म्हणायचे आणि कुठल्या तरी गावातली म्हातारी पुन्हा काठी टेकत मतदानाला निघायची.

पहिल्याच वहीत मी घोळ केला. ती शपथेची वही होती. सिव्हिल वॉर, म्हणजे इथलं यादवी युद्ध, संपून दोनेक वर्षं झाली होती, गुलामीतून सुटलेल्या पुरुषांना पहिल्यांदाच मतदार म्हणून नोंदवून घेत होते, आणि प्रत्येकानं शपथ घेऊन सही करायची होती. कारकुनाच्या झोकदार अक्षरात नाव, मग थोडी मोकळी जागा, मग आडनाव. त्या मोकळ्या जागेत फुली. पानंच्या पानं फुल्या. कुठे ताठ, कुठे कलंडलेल्या, कुठे टाक इतका जोरात दाबलेला की कागद फाटलाय. कॉम्प्युटरवर मधल्या नावाचा रकाना होता. मी सगळ्यांच्या मधल्या नावात एक्स टाकत गेले. दोन दिवस टाकत होते.

बार्बरानं चष्मा वर केला. "हनी, हे काय?"

"मधलं नाव."

"ही त्यांची सही आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं."

माझे कान तापले. अंगठेबहाद्दर मी पाहिले होते, पण ते अंगठाच लावत. ही फुली नावाच्या पोटात होती, आणि आमच्याकडे नावाच्या पोटात बाप असतो. मी तिला तसं सांगितलं. म्हटलं, मला वाटलं या लोकांना वडिलांचं नाव माहीत नाही, म्हणून तिथं फुली मारलीय.

बार्बरानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "तेही खरंच असेल." आणि एक्स काढून टाकायला सांगून ती चहा करायला गेली.

शपथेच्या वहीनंतर मतदानाच्या वह्या. त्यांत सही नव्हती. जो येईल त्याचं नाव कारकून लिहून घेई, येईल त्या क्रमानं, दर तासासाठी ठरावीक ओळी राखून. वाचता वाचता मला त्या क्रमाची चटक लागली. सख्खे भाऊ एकामागोमाग. गिरणीचा मालक, आणि त्याच्या पाठीला लागून त्याची सगळी माणसं. एखाद्या दिवशी नावं सुरुवातीलाच थांबलेली, मग खूप खाली एकदम घोळका, तेव्हा मध्ये पाऊस आला असणार. फोनवर बाबांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "अगं, मतदानाला माणूस एकटा येत नाही. वस्ती येते. एकटा येतो तो शेवटी, दार लावायच्या वक्ती. मी तर त्याची वाट पाहत बसायचो."

पुढच्या वह्यांमध्ये फुल्यावाल्यांची नावं विरळ होत जातात. एका वहीत घोळका, पुढच्या वहीत चारदोन, मग नाहीतच. शेतं तिथंच, चर्च तिथंच, माणसंही तिथंच राबत असणार, फक्त वहीत नाहीत. मी बार्बराला विचारलं. मत द्यायला आधी भरायचा कर, लिहिण्या-वाचण्याची परीक्षा, अंधारात काळ्यांच्या दारावर येणारी गोरी माणसं, असं तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं आणि हातातल्या पुसायच्या फडक्याची उगाच घडी करत राहिली. त्यानंतर कोऱ्या सुटलेल्या ओळींवरून बोट फिरवताना माझ्या अंगावर काटा यायचा. कागदाच्या पलीकडे कुणीतरी उभं आहे आणि आपलं नाव पुकारायची वाट बघतंय, असं वाटायचं.

मिस अर्नस्टीन आल्या तो वसंत होता. पाइनचा पिवळा पराग भंडारा उधळल्यागत गाड्यांवर, पायऱ्यांवर, त्यांच्या टोपीवरही बसलेला. नावाआधी मिस लावायची ही दक्षिणेतली रीत, म्हणजे आपलं बाई किंवा ताई. पंच्याऐंशीच्या आसपासच्या, काळ्या, उंच, आणि मोतीबिंदूनं डोळे दुधाळलेले. त्यांना आपल्या आजोबांचं नाव शोधायचं होतं. आयझम ग्रीन.

"माझ्यानं वाचवत नाही, बेबी," त्या मला म्हणाल्या. "तू वाच. मी ऐकते."

मग दर मंगळवारी मी वाचायचे आणि त्या ऐकायच्या. माझे उच्चार वर्ध्याचे. त्या सुधारायच्या, कधी हसायच्या. प्रत्येक नावानंतर तोंड न उघडता, नाकातून, खोल, "हं". ओळखीचं आडनाव आलं की तो हं लांबायचा आणि त्यातून माणूस बाहेर पडायचा. याच्याकडे आंधळं खेचर होतं. याच्या बायकोच्या हातचा भट्टीत भाजलेला गोड पीच पाय. हा चर्चमध्ये झोपायचा. दुपार होईपर्यंत तळघर भरून जायचं. त्या भेंडी तळून आणायच्या, मी शंकरपाळे न्यायचे, आणि भेंडी मुळात कुणाची, तुमची का आमची, यावर आम्ही मनापासून भांडायचो. इतक्या परक्या गावात कुणाशी तरी भांडायला मिळतंय, याचंच मला सुख होतं.

आजोबांची गोष्ट त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. त्या सहासात वर्षांच्या असताना आयझम ऐंशीला टेकले होते. वर्षातून कधीतरी एका सकाळी घरात खळीचा वास सुटायचा. आजी पांढरा शर्ट खळ घालून, लोखंडी इस्त्री निखाऱ्यावर तापवून कडक करायची. आयझम तो गळ्यापर्यंत बटणं लावून घालत, जोडे पुसत, आणि पोर्चमधल्या खुर्चीत बसत. दिवसभर. काही बोलायचं नाही, काही काम करायचं नाही. रस्त्यावरून गोऱ्यांच्या गाड्या गावाकडे जायच्या आणि परत यायच्या. सूर्य कलला की ते उठून शर्ट काढत आणि खिळ्याला लावत.

"आम्हां पोरांना वाटायचं, आज त्याचा वाढदिवस आहे," मिस अर्नस्टीन म्हणाल्या. "एखाद्या वर्षी यायचा, एखाद्या वर्षी नाही यायचा."

कळत्या वयात त्यांनी विचारलं, तेव्हा आयझम म्हणाले होते, आज मतदान आहे, आणि मी एकदा मत दिलंय. त्यांचे मुलगे, म्हणजे मिस अर्नस्टीनचे वडीलही, यावर हसायचे. म्हातारा कधी गेलाच नाही, ऐकीव गोष्ट स्वतःची म्हणून सांगतो, असं जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणायचे. आजोबा ताटाकडे बघत राहायचे.

"मी गप्प बसायचे," त्या म्हणाल्या. "पोर काय बोलणार? पण आता मला कळायला हवं, दोघांतलं कोण खरं बोलत होतं. मी लवकरच दोघांना भेटणार आहे, बेबी. विचारायच्या आधी मला माहीत असलेलं बरं."

उन्हाळ्यात, बाहेर झाडांत किडे कर्कश ओरडत होते तेव्हा, आयझम सापडले. शपथेच्या वहीत. आयझम, मग फुली, मग ग्रीन. एक रेघ लांब, एक आखूड, शेवटी टाक घसरल्याचा शिंतोडा. मी मिस अर्नस्टीनचं बोट धरून फुलीवर ठेवलं. बार्बराचा पानांना हात न लावायचा नियम होता. ती भिंतीकडे तोंड करून कपाटातल्या पेट्या लावत राहिली. मी न राहवून माझा एक्सचा घोळ त्यांना सांगितला, फुलीला मी बापाचं नाव समजले होते म्हणून. त्या हसल्या, डोळे पुसण्याइतक्या हसल्या. मग म्हणाल्या, "त्याला बाप माहीत नव्हता. बापाला विकलं होतं कुठेतरी. तू चुकीचं नव्हतं वाचलंस."

बोट तसंच फुलीवर. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "शपथ घेतली. पण गेला का?"

त्याचं उत्तर पुढच्या मतदानाच्या वहीत होतं. आम्ही ती पहिल्या पानापासून वाचली. आयझमच्या वस्तीतली माणसं मध्येच भेटली, एका ओळीखाली एक, आंधळ्या खेचरवाल्याच्या बापासकट सगळी. त्यांत आयझम नव्हते. मिस अर्नस्टीननी एकेका नावाला हं दिला, आणि वस्ती संपली तेव्हा दिला नाही. आम्ही पुढे वाचत गेलो आणि शेवटच्या पानांशी येऊन थांबलो. कधीकाळी नळ गळून ती पानं भिजली होती आणि एकमेकींना गच्च चिकटून त्यांची वडी झाली होती. मी सुरी घालून बघू का म्हटलं, तर बार्बरा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. अशी पानं सोडवणारी माणसं अटलांटात होती. त्यांच्याकडे वही गेली. तिथे तिच्याआधी पुष्कळ वह्या होत्या.

"आली की मला वाचून दाखव," मिस अर्नस्टीन म्हणाल्या.

"नक्की," मी म्हणाले.

त्यानंतरही त्या मंगळवारी येत राहिल्या. टोपी काढायच्या आधी विचारायच्या, "अटलांटाहून काही?" नाही म्हटलं की बसायच्या, आणि मी दुसरीच कुठली तरी वही वाचायचे. दोन हजार चारच्या निवडणुकीदिवशी त्या पांढरा ब्लाउज घालून आल्या. खळीचा वास जिन्यावरूनच आला. छातीवर 'मी मत दिलं'चा स्टिकर होता. तो त्यांनी सोलून माझ्या स्वेटरवर चिकटवला. "तू घाल. मला माहीत आहे मी दिलंय." मला इथे मत नव्हतं. वर्ध्यालाही, इतक्या लांबून, उपयोगाचं नव्हतं. तो स्टिकर मी फ्रिजवर लावला. बाबांच्या नखातल्या शाईसारखा तो टिकला नाही, डिंक सुकून पडायचा. मी पुन्हा लावायचे.

पुढच्या वर्षी माझ्या मधल्या नावाचा, नितीनचा, प्रोजेक्ट संपला आणि आम्ही फ्रिस्कोला गेलो. निरोपाच्या दिवशी मिस अर्नस्टीननी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि फक्त म्हणाल्या, "वाचून दाखवायचं कबूल केलंयस." टेक्सासला मुलगी झाली, घर झालं, नितीनचा ओव्हरटाइम झाला. पण मन त्या तळघरातच अडकलं. डे-केअरमध्ये हजेरी घेताना पोरांची नावं ऐकली की प्रत्येक नावानंतर मी थबकायचे. भाजीच्या दुकानात भेंडी निवडताना मागे कुणी हं म्हणालं, असं वाटून मी वळून बघायचे. नितीन म्हणायचा, "यार, तू व्हॉलंटियर केलं होतंस का भूत बरोबर घेऊन आलीस?" मला राग यायचा नाही. तो खरंच विचारत होता.

मिस अर्नस्टीन गेल्याचं बार्बरानं फोनवर सांगितलं, तेव्हा टेक्सासात बर्फाचा पातळ थर पडला होता. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी अटलांटाबद्दल विचारलं होतं म्हणे. बार्बरानं तिकडे तगादा लावला होता. मी फोन ठेवला आणि मुलीला खिचडी भरवत बसले. तिच्या ओठांजवळ चमचा नेला आणि तो तिथंच राहिला.

आणि आता वही आली होती.

बार्बरानं ती टेबलावर उशी ठेवून तिच्यावर उघडून दिली. बार्बरा थकली होती. "मी पाहिलं नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी ठेवलंय." सुटी झालेली पानं चहाच्या रंगाची होती, कडांना पातळ कागदाचं अस्तर. दार उघडंच होतं. बोळातली रांग भिंतीला लागून उभी होती, कुणी फोनवर, कुणी घडीची खुर्ची आणून बसलेलं, कुणी पोराला खांद्यावर घेऊन.

जिथे थांबलो होतो तिथून मी सुरुवात केली. मोठ्यानं, कारण ही वही मी मनात कधी वाचलीच नव्हती. एक नाव, मग थांबणं. दुसरं नाव, मग थांबणं. थांबायची सवय माझ्या घशाला लागलेली होती. माझा आवाज त्या खोलीत इतका एकटा वाटला की मला स्वतःचीच भीती वाटली. बाहेरची कुजबूज हळूहळू कमी झाली, ते माझ्या लक्षात आलं, पण मी मान वर केली नाही. एक पान झालं, दुसरं झालं. नावं अंतराअंतरानं यायला लागली, दोघं, मग एक, मग एक. दिवस कलत आलेला वहीतही कळत होता. कारकुनाचं अक्षर दमलं होतं.

शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, आयझम ग्रीन.

त्याखाली आडवी रेघ आणि कारकुनाची सही. दार लावून घेतलं असणार.

वस्तीबरोबर का आले नाहीत, ते वही सांगत नाही. शर्ट वाळायचा राहिला होता, की कुणी वाटेत अडवलं, की दिवसभर बाहेर उभं राहून शेवटी धीर झाला? मिस अर्नस्टीननी क्षणात सांगितलं असतं. मला रडू आलं नाही, संताप आला. गळक्या नळाचा, त्या चिकटलेल्या पानांचा, अटलांटाच्या रांगेचा, माझ्या टेक्सासचा. एवढंसं नाव. ते त्यांच्या कानात घालायचं होतं, आणि त्या आपल्या बापाला भेटायला काही माहीत नसतानाच गेल्या.

बार्बरानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी उठून उभी राहिले. कबूल केलं होतं तसं, चुकीचा उच्चार त्यांनी जसा सुधारून घेतला होता तसा, सावकाश आणि मोठ्यानं ते नाव मी पुन्हा वाचलं.

"आयझम ग्रीन."

आणि थांबले. मी हुंकार दिला नाही की बाबा थांबायचे, तशी. पुदिन्याचा वास, छतातल्या दिव्यांची घुंईं.

मग दारापलीकडे, त्या रांगेत, कुणीतरी तोंड न उघडता, नाकातून, खोल, हं म्हणालं.

कोण, ते मी पाहिलं नाही. वरून कुणीतरी पुढचा नंबर पुकारला आणि रांग पुढे सरकली.